अक्षरापासून अर्थापर्यंत

(जवळा बाजार, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली येथे अध्यापक पदविकेच्या विद्यार्थ्यांसमोर झालेले व्याख्यान)



हिंगोली जिल्हा ही संत नामदेवांची भूमी. नर्सीचे नाव त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे, आणि याच तालुक्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी त्यांना गुरुपदेश केला, अशी परंपरा सांगते. नामदेवांनी ज्ञान लोकांच्या बोलीत सांगितले, म्हणूनच ते पंजाबपर्यंत पोहोचले. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आदराने समाविष्ट आहेत. लोकभाषेचे हे सामर्थ्य ज्या भूमीने जगाला दाखविले, त्याच भूमीत 1948 पर्यंत निजामी राजवटीत वरच्या वर्गांतील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असली की शिक्षण मूठभरांच्याच वाट्याला येते, हा मराठवाड्याने सोसलेला अनुभव आहे.

आज माध्यम मराठी आहे. पण तांड्यावरून शाळेत येणाऱ्या बालकाचे काय? त्याच्या घरी आईला ‘याडी’ म्हणतात आणि भाकरीला ‘बाटी’. पहिल्या दिवशी पुस्तकातील ‘आई’ हा शब्द त्याच्यासमोर येतो, तेव्हा अक्षरही अनोळखी असते आणि शब्दही. मराठी घरातील मूलसुद्धा ‘मी जायलो’ म्हणते आणि पुस्तक ‘मी जात आहे’ म्हणते. अशा वेळी ‘तुझे चुकले’ असे गुरुजींनी सांगितले, तर मूल मौन धरते. आणि मौन धरलेल्या मुलाला वाचन शिकविता येत नाही. एके काळी मराठी मुलाच्या वाट्याला आलेला परकेपणा आज आपल्याच शाळेत दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, ही जबाबदारी भावी शिक्षकाची आहे.

यासाठी महाराष्ट्रात आदर्शांची वाण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वनवासी बालकांसाठी कार्य उभारले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूळच्या अमेरिकन असलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलींचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला, 1978 मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि तेथील वंचित मुलांच्या वाचन-लेखनासाठी आयुष्य वेचले. या साऱ्यांच्या कार्याचे सूत्र एकच : मूल जेथे आहे तेथून आरंभ करावा.

वर्गात हे सूत्र कसे उतरवावे?

पहिली पायरी कानाची. खेड्यातील मूल रिकाम्या हाताने शाळेत येत नाही. हरिपाठ, जात्यावरची ओवी, उखाणे, कोडी यांचे धन त्याच्यापाशी असते. तोंडपाठ असलेली ओळ फळ्यावर लिहावी, तिच्याखाली बोट फिरवीत सर्वांनी म्हणावी. बोललेला शब्द लिहिता येतो आणि लिहिलेला पुन्हा बोलता येतो, हा साक्षात्कार येथेच होतो.

दुसरी पायरी अक्षरांची. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार रचलेली आहे. ती शास्त्रीय रचना अभिमानास्पदच आहे. परंतु उच्चारशास्त्राचा क्रम हाच वाचनारंभाचा क्रम असला पाहिजे, असे नाही. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत सर्व अक्षरे घोटून होईपर्यंत मुलाने एकही अर्थपूर्ण शब्द वाचायचा नाही, हे कशासाठी? क, म, ल, र ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावरच काम, मका, माल, मार, कमल असे शब्द तयार होतात. अक्षरांचे लहान गट करावेत आणि स्वरचिन्हे आरंभापासून सोबत द्यावीत. जेथे लिपी अडते, तेथे थांबून समजावून सांगावे. ‘कि’मधील वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, ‘सूर्य’ या शब्दातील ‘र’चा उच्चार ‘य’च्या आधी होतो, पण रफार बसतो ‘य’च्या डोक्यावर. मूल येथे अडखळले तर तो मंदबुद्धीचा पुरावा नव्हे.

तिसरी पायरी अर्थाची. मुलाने आपल्या घरचा प्रसंग सांगावा, शिक्षकाने तो त्याच्याच शब्दांत लिहावा आणि मुलाने तो वाचावा. हळद शिजविण्याची धांदल, आठवडी बाजार, बैलपोळा हे विषय त्याचे स्वतःचे असतात. ‘याडी’ आणि ‘आई’ हे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहिले गेले, तर प्रमाण मराठीकडे जाणारा पूल आपोआप उभा राहतो. घरची बोली हा प्रमाणभाषेचा अडथळा नसून पाया आहे.

चौथी पायरी दक्षतेची. वर्गाने एका सुरात म्हटलेला धडा म्हणजे वाचन नव्हे. प्रत्येक मुलाला जवळ बसवून न पाहिलेल्या चार ओळी वाचावयास द्याव्यात आणि अर्थ विचारावा. ऊसतोडणीसाठी आईवडिलांबरोबर गेलेले मूल हंगाम संपल्यावर परत येते, तेव्हा त्याला पुढच्या धड्यावर न ढकलता ते जेथे थांबले होते तेथून हाती धरावे.

केंद्र शासनाने 2021 मध्ये आरंभिलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक बालकाला समजपूर्वक वाचता यावे, असे लक्ष्य ठेवले. परंतु लक्ष्य परिपत्रकातून साध्य होत नाही; ते पहिलीच्या वर्गात साध्य होते. तिसरीपर्यंत मूल वाचावयास शिकते आणि चौथीपासून वाचून शिकते. जे मागे राहिले, त्याच्यासाठी इतिहास, विज्ञान, गणितातील उदाहरणे, सर्वच दारे बंद होतात. ते वर्गात बसते, हजेरीपटावर असते, आणि तरीही शाळेबाहेर असते.

म्हणून पहिलीचा वर्ग दुय्यम मानू नये. उद्या ज्यांच्या हाती खडू येणार आहे, त्यांनी एवढाच संकल्प करावा : वर्गातील एकही मूल वाचता न येता पुढच्या वर्गात जाणार नाही, मग ते वाड्यातून आलेले असो वा तांड्यावरून.