तोफेथ : एका दरीचे नाव



अलिबागकडच्या आमच्या घरी माझी आजी फार संतापली म्हणजे म्हणे, "जा जहन्नमात!" आम्ही मुले अंगणातून पळ काढीत असू. शेजारच्या मुसलमान कुटुंबाकडून तिने हा शब्द उचलला असावा, असे मला पुष्कळ वर्षे वाटे. तो मूळचा आपलाच आहे आणि त्या नावाची खरीखुरी दरी यरुशलेमला आहे, हे इकडे आल्यावर कळले. हिब्रूतील गे-हिन्नोम, म्हणजे हिन्नोमची दरी, हेच नाव अरबीत जहन्नम झाले आणि फारसी-उर्दूच्या वाटेने कोकणातल्या माझ्या आजीच्या तोंडी जाऊन बसले.

गेल्या शब्बाथला आपण पाराशा त्सावचा हफ्तारा ऐकला. तो दरवर्षी ऐकावयास मिळत नाही, कारण बहुतेक वर्षी शब्बाथ हागादोल त्याच दिवशी येतो आणि मग दुसरा हफ्तारा वाचतात. त्यात यिर्मयाहू संदेष्टा या दरीचा आणि तिच्यातील तोफेथ नावाच्या स्थळाचा उल्लेख करतो. आज मी त्या नावाविषयीच बोलणार आहे.

दरी आरंभी निरुपद्रवी होती. यहोशुआच्या ग्रंथात ती यहूदा आणि बिन्यामीन या दोन वंशांमधील सीमारेषा आहे, इतकेच. हिन्नोम कोण, त्याचा पुत्र कोण, याविषयी शास्त्र काही सांगत नाही. आपल्याकडे एखाद्या वाडीला जुन्या मालकाचे नाव चिकटून राहते, तसेच ते असावे. पुढे आहाज आणि मनश्शे या राजांनी तेथे स्वतःची मुले अग्नीतून चालविली. योशियाहू राजाने ते स्थान भ्रष्ट केले, अशासाठी की पुन्हा कोणी मोलेखपुढे मूल नेऊ नये. दरीच्या नावाला लागलेला डाग मात्र गेला नाही.

आता तोफेथ. काही अभ्यासक हा शब्द चुलीच्या, अग्निस्थानाच्या अर्थाशी जोडतात. राशींनी मात्र यिर्मयाहूवरील टीकेत निराळे सांगितले आहे. मोलेखची मूर्ती तांब्याची होती, ती खालून तापवीत आणि तिच्या पसरलेल्या हातांत मूल ठेवीत. त्या वेळी पुजारी तोफ, म्हणजे ढोल, बडवीत. का, तर मुलाचे रडणे बापाच्या कानी पडू नये आणि त्याचे हृदय द्रवू नये.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. ते बाप निर्दय असते तर ढोलाची गरजच नव्हती. त्यांना ऐकू आले असते, म्हणून ढोल हवा होता. (ढोलाचा यात काही दोष नाही, समुद्र ओलांडल्यावर मिर्यामने हाती घेतला तोही तोफच.) परमेश्वर म्हणतो की हे मी सांगितले नव्हते, माझ्या मनातही आले नव्हते. म्हणजे देवाला हेच हवे आहे, असे त्या बापांना खरोखर वाटत असले पाहिजे.

न्यायही त्याच मापाने होतो. ही जागा पुढे तोफेथ म्हणविणार नाही, कत्तलीची दरी म्हणविली जाईल. आणि यहूदाच्या नगरांतून, यरुशलेमच्या रस्त्यांतून वधूवरांचा आवाज बंद होईल. ज्यांनी एक आवाज बुडविला, त्यांच्या रस्त्यांत दुसरा उरणार नाही.

येथे मला स्वतःचे सांगितले पाहिजे. आम्ही या देशात आलो तेव्हा माझा धाकटा मुलगा ७ वर्षांचा होता. शाळेत मुले त्याच्या रंगावरून, बोलण्यावरून त्याला छळीत. सकाळी तो दाराशी उभा राहून रडे. मी कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला असे. "हिब्रू आली की सगळे ठीक होईल," असे म्हणून मी रेडिओचा आवाज वाढवी. बातम्या ऐकायच्या म्हणून. त्या बातम्यांतली हिब्रू मला तेव्हा निम्मीसुद्धा कळत नव्हती. तो दीड वर्ष मधल्या सुटीत शौचालयात बसून डबा खात असे, हे मला त्याच्या आईने सांगितले, तो सैन्यातून परतल्यावर. मुलाने स्वतः मला कधी काही ऐकविले नाही.

ती दरी आज तुम्ही पाहाल तर हिरवळ आहे, सुटीच्या दिवशी कुटुंबे जेवणाचे डबे घेऊन बसतात. तिच्या काठावर, केतेफ हिन्नोम म्हणजे हिन्नोमचा खांदा म्हणतात तेथे, १९७९ साली गब्रिएल बार्काई यांना जुन्या थडग्यात चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या. पहिल्या मंदिराच्या अखेरच्या काळातल्या, म्हणजे साधारण यिर्मयाहूच्याच वेळच्या. मोठ्या कष्टाने त्या उलगडल्या, तेव्हा आत बिर्कत कोहानीमचे शब्द निघाले. त्या दरीच्या माथ्यावर कोणीतरी हा आशीर्वाद बरोबर घेऊन पुरला गेला होता.

गेल्या वर्षी मुलगा मला यरुशलेमच्या संग्रहालयात त्या पाहावयास घेऊन गेला. माझी दृष्टी आता अधू झाली आहे. त्याने काचेशी वाकून बाजूची माहिती मला हळूहळू वाचून दाखविली. शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, तेच ते शब्द. त्याने पन्नाशी ओलांडली आहे आणि माझा हात पोहोचावा म्हणून तो अजून खाली वाकतो.