फोटो काढला आणि फॉर्म कोरा झाला

आम्ही केशोरीच्या बचत गटांच्या बाया बोलतोय. मिरचीचा तोडा सुरू असला की आमच्या बैठका रात्री होतात, आणि यंदा त्यांत पैशांपेक्षा मोबाइलवरच जास्त बोलणं झालं.

झालं असं, गटातल्या बायांची माहिती ॲपमध्ये भरायची होती. नाव, बचत, कर्ज लिहायचं आणि शेवटी पासबुकाचा फोटो काढायचा. फोटो काढून परत आलो की फॉर्म कोरा! एकीच्या फोनवर असं व्हायचं, दुसरीच्या नाही. कोणी म्हणे नेटवर्क नाही, कोणी म्हणे तुमचं बोट चुकतं. (बोट नेहमी बायांचंच कसं चुकतं?) एकाने सल्ला दिला, ॲप काढून पुन्हा टाका. आमच्या एका सचिव ताईंनी तसं केलं. अकरा बायांच्या नोंदी अजून फोनमध्येच होत्या, वर गेल्या नव्हत्या. सगळ्या गेल्या. ताई बैठकीत रडल्या आणि म्हणाल्या, आता मी सचिव राहत नाही.

तेव्हा आम्ही दोष शोधायला बसलो. तीन फोन मधे ठेवले, खोटं नाव घालून फॉर्म भरला, पण पाठवला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरलं. नेट चालू-बंद करून पाहिलं, फरक नाही. फोन नुसता आडवा धरला तर तिन्ही फोनवर फॉर्म कोरा! ऑटो रोटेट बंद केलं, फॉर्म जागेवर. कॅमेरा उघडल्यावर मात्र फक्त कमी मेमरीच्या जुन्या फोनवरच कोरा. त्याच फोनवर बाकीचे ॲप बंद केले, तर बहुतेक वेळा राहिला.

एका बाईची मुलगी गोंदियाला कॉम्प्युटर शिकते. तिने उलगडा केला. ॲपच्या पडद्यामागे एक कारभारीण असते. आयफोनमध्ये तिला व्ह्यू कंट्रोलर म्हणतात, आपल्या अँड्रॉइडमध्ये बहुधा ॲक्टिव्हिटी. रकाने मांडणं, बटणं जोडणं, यादी आणणं तिचं काम. बटण जोडायचं राहिलं तर कितीही दाबा, काही होत नाही. फोन आडवा केला की अँड्रॉइड सहसा जुनीला उठवून नवी बसवतो. आयफोनमध्ये तीच राहते. कॅमेऱ्याला जागा कमी पडली तर अँड्रॉइड मागचं ॲपच बंद करतो. परत आल्यावर नवी कारभारीण सतरंजी अंथरते, पेटी मांडते, पण जुनीने जाताना वही मागे ठेवली नसेल तर तिला काय माहीत कोणाचं किती? ती वही ठेवायची सोय ॲप बनवणाऱ्याने करायची असते. म्हणजे बोट आमचं नव्हतं.

मुलीने फोनच्या डेव्हलपर पर्यायांतली ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ ही खूणही लावून दाखवली. पडदा सोडला की कारभारीण लगेच जाते, त्यामुळे नव्या फोनवरही दोष दर वेळी दिसला. काम झाल्यावर खूण काढली. तुम्ही उगाच लावू नका.

मग तक्रार लिहिली. ‘ॲप चालत नाही’ एवढंच लिहिलं नाही. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड कितवं, ॲपची आवृत्ती, काय काय दाबलं आणि काय झालं, ते क्रमाने लिहिलं. पडद्याचा व्हिडिओ जोडला, खोट्या नावाचा, कोणाचं पासबुक न दाखवता. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू, असं उत्तर आलं आहे.

तोवर आम्ही ऑटो रोटेट बंद ठेवतो, आणि फोटो आधी काढतो, लिहिणं नंतर. कोऱ्या फॉर्ममधून जाणार काय? नोंदी वर गेल्याची खात्री होईपर्यंत ॲप काढायचं नाही, ‘क्लिअर डेटा’ तर दाबायचंच नाही. कागदी वही चालूच आहे.

सचिव ताईंनी अजून होकार दिलेला नाही. त्यांच्या अकरा नोंदी आम्ही पाच जणींनी वाटून घेतल्या आहेत. मंगळवारी त्यांच्याच अंगणात बसून भरणार आहोत.