ऐकलंत? मग परत सांगा



फौजेत वायरलेसवर महत्त्वाचा संदेश आला, की नुसतं 'समजलं' म्हणून भागत नाही. ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. ऐकण्यातली चूक तिथेच पकडली जाते. इंग्रजीचंही तसंच करा.

माझ्या तुकडीत फार हुशार जवान होते. नकाशावाचनात, हत्यार खोलून जोडण्यात एक नंबर. जवानालाही अधिकारी होता येतं. डेहराडूनचं आर्मी कॅडेट कॉलेज त्यासाठीच आहे. पण इंग्रजीचं नाव निघालं, की यातले कितीतरी जण मागे सरत. पुस्तकं आणत, वर्गात बसत. तोंड मात्र उघडत नसत.

एसएसबीत लेक्चरेट असतं. विषय निवडून तयारीला 3 मिनिटं, बोलायला 3 मिनिटं. हेच रोज घरी करा. इंग्रजी बातमी ऐका, बंद करा आणि आपल्या शब्दांत इंग्रजीतच सांगा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. अडलेले 5 शब्द वहीत लिहा, उद्याच्या बोलण्यात वापरा. व्याकरण चुकेल, लोक हसतील, थांबू नका.

उस्ताद कवायत शिकवतो, पण पाय आपलेच उचलावे लागतात.

जय हिंद.