नव्या नाटकाची एकच प्रत

(नागपूर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रंथालय कार्यकर्ते यांच्यासमोर एका हौशी रंगकर्मीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



नाटकावर बोलण्यासाठी मला येथे पाचारण करण्यात आले, तेव्हा माझ्यापेक्षा मोठी नावे या शहरात आहेत असे मी संयोजकांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, मोठ्या नाटकांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आपण लहान संस्थांच्या नव्या नाटकांविषयी बोला. ही अट मला मानवली. चाळीसहून अधिक वर्षे मी अशाच एका संस्थेत वावरलो. कधी भूमिका केल्या, कधी पडदा ओढला, आणि बहुतेक वेळा विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग केले.

नागपूरचे नाव नाट्येतिहासात येते ते बहुधा जन्ममृत्यूच्या नोंदीत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा जन्म १८७१ साली नागपुरातला. राम गणेश गडकरी यांनी देह ठेवला तो २३ जानेवारी १९१९ रोजी, येथून जवळच सावनेरला. त्यांचे 'राजसंन्यास' अपूर्ण राहिले आणि 'भावबंधन' रंगभूमीवर आले ते त्यांच्या पश्चात. अपूर्ण नाटकसुद्धा शंभर वर्षे छापले जाते, वाचले जाते. याचे कारण गडकऱ्यांची प्रतिभा हे तर आहेच. पण ती हस्तलिखिते कोणीतरी जपून ठेवली हेही आहे. आजच्या माझ्या बोलण्याचा विषय मुख्यतः हा दुसरा भाग होय.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात या शहरात नवे नाटक उभे राहिले ते हौशी संस्थांच्या बळावर. पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी रंजन कला मंदिराच्या माध्यमातून येथे मुलांची आणि मोठ्यांची नाटके केली. 'कट्यार काळजात घुसली' हे त्यांचे नाटक १९६७ च्या डिसेंबरात मुंबईत रंगमंचावर आले, वसंतराव देशपांडे यांच्या गायनाने गाजले आणि मग सर्वांना दारव्हेकर ठाऊक झाले. तथापि त्यांची घडण त्याआधीच्या नागपुरातील वर्षांत झाली. मुलांना ओळीत उभे करून उच्चार शिकविणारा, स्वतःच नाटक लिहून स्वतःच ते बसविणारा हा 'मास्तर' होता. आज शाळेच्या संमेलनासाठी शहरातून आयते नाटुकले मागविणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे, एवढेच जाताजाता सुचवितो.

महेश एलकुंचवार यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९६५ च्या सुमारास ते चित्रपटाला गेले. तिकिटे मिळाली नाहीत, म्हणून नाटकाला शिरले. नाटक होते विजय तेंडुलकरांचे 'मी जिंकलो! मी हरलो!', दिग्दर्शन विजया मेहता यांचे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच नाटक पाहावयास गेले आणि आपणही नाटक लिहावयाचे असे त्यांनी ठरविले. पारव्यासारख्या यवतमाळ जिल्ह्यातील गावात जन्मलेला, नागपुरात इंग्रजी शिकविणारा हा तरुण प्राध्यापक पुढे 'वाडा चिरेबंदी' लिहितो आणि १९८५ साली ते मुंबईच्या रंगभूमीवर येते. धरणगावच्या देशपांड्यांची वऱ्हाडी बोली आणि अंगणात गंजत पडलेला तो ट्रॅक्टर आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या गावी पाहिलेला आहे. मात्र हे नाटक लिहिणाऱ्याला नाटक प्रथम दिसले ते योगायोगाने. ज्या गावात त्या रात्री नाटकच नव्हते, तेथील तरुणाने चित्रपटाचे तिकीट न मिळाल्यावर काय केले असेल? बहुधा घरी जाऊन झोपला असेल.

आता राज्य नाट्यस्पर्धेविषयी. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर लगेचच सुरू झालेली ही हौशी नाटकांची स्पर्धा आता साठीच्या पुढे गेली आहे. नागपूर, अमरावती, चंद्रपूर या केंद्रांवर हिवाळ्यात प्राथमिक फेरी होते. बँकेतील कारकून, वीज मंडळातील तंत्रज्ञ, शिक्षिका, महाविद्यालयीन विद्यार्थी हे लोक दिवसभर नोकरी करून रात्री तालीम करतात. तालमीची जागा म्हणजे कोणाची तरी गच्ची, शाळेचा वर्ग, क्वचित मंगल कार्यालयाचे तळघर. या स्पर्धेने लहान संस्थांना वर्षातून एकदा नवे नाटक करण्याचे निमित्त दिले. हे श्रेय शासनाला दिले पाहिजे आणि मी ते मोकळेपणाने देतो.

पण स्पर्धेची एक बाजू अशी की नाटक स्पर्धेपुरते जन्मते. दोन महिने तालीम, एक प्रयोग, निकाल, आणि समाप्ती. पहिला क्रमांक आला तर अंतिम फेरीचा आणखी एक प्रयोग. सभागृहाचे भाडे, नेपथ्याची वाहतूक, प्रकाशयोजनेचा खर्च यांचा हिशेब मांडला की तिसरा प्रयोग करण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. विदर्भ साहित्य संघाचे धनवटे रंगमंदिर होते तेव्हा सीताबर्डीच्या मध्यभागी हौशी मंडळींना एक हक्काचे ठिकाण वाटे. ते जुने नाट्यगृह आता राहिले नाही. रेशीमबागेत २०१७ मध्ये कविवर्य सुरेश भट यांच्या नावाचे भव्य सभागृह झाले. त्यात सुमारे दोन हजार माणसे बसतात. त्याचा अभिमान आहेच. परंतु ज्या नाटकाला दीडशे प्रेक्षक येणार, त्याला ते सभागृह म्हणजे एकट्या माणसाला लग्नाची पंगत वाढल्यासारखे होते.

आमच्याच संस्थेची एक हकीगत सांगतो. आमच्यातील एका लेखकाने कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी न पोहोचणाऱ्या गावावर तीन अंकी नाटक लिहिले. केंद्रावर दुसरे बक्षीस मिळाले. तालुक्याच्या एका गावी आम्ही प्रयोग लावला. सभागृह एका शाळेचे ठरले होते. आम्ही सामान घेऊन पोहोचलो तो सभागृहात लग्नाची सजावट चाललेली. कोणी कोणाला दिले, कोणी विसरले, याचा तपास करण्यात अर्थ नव्हता. गावकऱ्यांनी खळे झाडून दिले, ट्रॅक्टरचे दिवे लावले आणि आमचा प्रयोग झाला. पाणीपाळीच्या भांडणाचा प्रवेश सुरू होताच प्रेक्षकांतून दोन माणसे उठून आपापसांतच भांडू लागली. तो आमचा सर्वांत चांगला प्रयोग. आणि तो शेवटचाही.

पुढे चौदा वर्षांनी एका महाविद्यालयाला ते नाटक करावयाचे होते. लेखक तोवर निवर्तले होते. त्यांच्या कुटुंबीयांनी घर बदलताना जुने कागद रद्दीत दिले होते. माझ्याजवळ प्रॉम्प्टिंगची वही निघाली. तिच्यात तिसऱ्या अंकाची शेवटची पाने नव्हती. आम्ही जुन्या नटांना गोळा केले. प्रत्येकाला स्वतःची वाक्ये पाठ होती, समोरच्याची नव्हती. पाच जणांनी पाच शेवट सांगितले. अखेर आठवण झाली ती नाटकात पाणी भरणाऱ्या बाईचे काम करणाऱ्या ताईंची. त्यांच्या वाट्याला तिसऱ्या अंकात जेमतेम चार वाक्ये होती. त्या सारा वेळ रंगमंचावर बसून असत. लग्नानंतर त्या दूर गावी गेल्या होत्या. त्यांनी पंधरा दिवसांत अख्खा शेवट लिहून टपालाने पाठविला. कारण त्या अंकात सर्वांचे ऐकत बसण्याचे काम एकट्या त्यांचेच होते.

आता याच्या उलट चित्र पाहावयाचे असेल तर पूर्वेकडे, झाडीपट्टीत चलावे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांचा हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, शंकरपट होतात आणि त्या निमित्ताने जावई, लेकी, सोयरे गावात जमतात. रात्री पाहुण्यांना करमणूक हवी, म्हणून नाटक. सोयरिकी जुळविण्याचेही हेच दिवस. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकांचे मुख्य ठाणे. हंगामात तेथील रस्त्यावर नाट्यकंपन्यांच्या कार्यालयांचे फलक लागतात, आणि गावोगावची मंडळे तेथे येऊन नाटक ठरवितात. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. गाणी, नृत्य, विनोद, रडारड, सारे एकाच तिकिटात. शहरातील समीक्षकांना हे भडक वाटते. मलाही काही वेळा वाटले आहे. परंतु कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक मला नागपुरात मिळालेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

या रंगभूमीचा प्राण नवे नाटक आहे. मागच्या वर्षीचे नाटक त्याच गावाला पुन्हा चालत नाही. म्हणून लेखक दर हंगामाला नवी संहिता लिहितात. हुंडा, व्यसन, अंधश्रद्धा, जमिनीचे वाद, भावाभावांची फाटाफूट असे विषय असतात. तालमी थोड्या, म्हणून प्रॉम्प्टरला येथे जो मान आहे तो अन्यत्र नाही. माझ्यासारख्याला हे ऐकून बरे वाटते. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेले विनोदी नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीच्या रंगभूमीची दखल दिल्लीपर्यंत गेली.

मात्र ही रंगभूमी किती नाजूक धाग्यांवर उभी आहे, हे प्रशासनातील मित्रांनी पाहावे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, तेव्हा शंकरपटाला लागून होणाऱ्या नाटकांचे निमित्तच गेले. महाराष्ट्रात शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्याआधी करोनाच्या साथीने पडदा खाली आणला होता. ज्यांचे वर्षाचे धान्य या चार महिन्यांत जमते त्या वादकांनी आणि नटांनी मजुरी केली. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई करतात. राज्य शासनाला वर्षातील काही मोजक्या दिवशी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. नियम योग्य आहे, आजाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना झोप हवी. परंतु पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाचे काय, हा प्रश्न मंडप उभा राहिल्यावर रात्री अकराला ठाण्यात सोडविण्याऐवजी हंगामापूर्वी तहसील पातळीवर मंडळे, सरपंच आणि पोलीस यांनी एकत्र बसून सोडविणे शक्य आहे.

शहर आणि झाडीपट्टी यांच्या मधली एक वाटही आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले 'तेरवं' हे नाटक आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी आणि मुली यांनीच त्यात भूमिका केल्या. त्यांच्यापैकी वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. पुढच्याच महिन्यात नागपुरात नव्व्याण्णवावे नाट्यसंमेलन भरले. अध्यक्ष होते 'घोटभर पाणी' आणि 'किरवंत' यांचे लेखक, चंद्रपूर जिल्ह्यातून आलेले प्रेमानंद गज्वी. विदर्भातील माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःची गोष्ट रंगमंचावर सांगतो आहे, याचा याहून वेगळा दाखला मी शोधणार नाही.

आता मागणे. ते मोठे नाही. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करण्यापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी संहिता लिहून सादर करावी लागते. म्हणजे प्रत्येक नव्या नाटकाच्या निदान दोन प्रती निघतातच. तिसरी काढण्यास किती खर्च येतो? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे आपल्या राज्यात गावोगाव मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी आहेत. 'ड' वर्गाचे का होईना, मोठ्या गावात ते असते. ज्या गावात नव्या नाटकाचा प्रयोग होईल तेथील ग्रंथालयात त्या नाटकाची एक प्रत जमा व्हावी, असा साधा ठराव ग्रामपंचायतीला करता येईल. झाडीपट्टीतील लेखकांना भीती असते की संहिता दुसऱ्या कंपनीच्या हाती लागेल. ती भीती खरी आहे. तेव्हा पाकीट मोहोरबंद ठेवावे आणि दोन हंगामांनंतर उघडावे. शिक्षकांनी आपल्या गावच्या जुन्या नटांकडून वह्या गोळा कराव्या. ट्रंकेच्या तळाशी त्या अजून असतात, पण उधई कोणाची वाट पाहत नाही. आणि समाजमंदिरात तालमीला आठवड्यातून तीन संध्याकाळ मोकळ्या ठेवल्या तर वीजबिलाखेरीज पंचायतीचे काही जात नाही.

एका सदस्यांनी मघाशी विचारले की अशा वह्या जमवून त्या वाचणार कोण. प्रामाणिक उत्तर असे की बहुतेक कोणी वाचणार नाही. शंभरांतील नव्वद नाटके सामान्य असतील. मी स्वतः त्यांतील अनेकांत काम केले आहे. पण राहिलेली दहा कोणती, हे आज आपल्यापैकी कोणालाही ठरविता येत नाही.

कालव्याच्या नाटकाची ती वही मी सोबत आणली आहे. भाषणानंतर ती या टेबलावर राहील. पहिले दोन अंक माझ्या हाताचे आहेत, जागोजागी पेन्सिलीने नटांचे विसरलेले शब्द अधोरेखित केलेले. शेवटची नऊ पाने ताईंच्या अक्षरातली आहेत. कृपया हात कोरडे करून चाळावी. आजही तिची दुसरी प्रत झालेली नाही.