झाडावर चिकटवलेला कागद

(विहाराच्या सुवर्णमहोत्सवी वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



विहाराच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीवर आमच्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितलेच आहे. समितीने आम्हाला विषय दिला तो झाडांचा. गेली काही वर्षे आम्ही वस्तीतली पाच-सहा माणसे रविवारी सकाळी झाडांवर चिकटवलेल्या नोटिसा वाचत फिरतो. लोक गमतीने 'झाडवाले आले' म्हणतात. म्हणू देत.

तर आधी त्या कागदाबद्दलच बोलतो. रस्त्यावरच्या किंवा एखाद्या आवारातल्या झाडाच्या बुंध्याला कधी कधी महापालिकेचा कागद लावलेला दिसतो. आपण समजतो, असेल कसलीतरी जाहिरात. तो कागद म्हणजे त्या झाडाच्या मरणाची आगाऊ सूचना असते. महाराष्ट्रात १९७५ साली शहरातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपला विहार आणि हा कायदा एका वयाचे आहेत, बरं का! या कायद्याप्रमाणे शहरातले झाड, मग ते स्वतःच्या मालकीच्या जागेत का असेना, परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगी देण्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मुदत सात दिवसांची. हरकत कोणीही घेऊ शकतो. त्यासाठी वकील लागत नाही, जागेचा मालक असावे लागत नाही, पदवी लागत नाही. साधा अर्ज आणि पोच घेतलेली एक प्रत, एवढे पुरते.

आता अडचण कुठे येते ते सांगतो. सात दिवसांपैकी चार दिवस कागद कोणी वाचत नाही. पाचव्या दिवशी पाऊस येतो आणि कागद गळून पडतो. सहाव्या दिवशी कोणीतरी आम्हाला निरोप देतो, आणि सातवा दिवस नेमका सुट्टीचा निघतो. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की कागद दिसताक्षणी त्याचा फोटो काढा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. दुसरे म्हणजे हरकतीत नुसते 'झाडे तोडू नका, पर्यावरण वाचवा' असे लिहू नका. अशा अर्जाला उत्तर देणे साहेबांना फार सोपे जाते. झाड कोणते, बुंध्याचा घेर किती, त्यावर घरटी आहेत का, त्याच्या सावलीत कोण बसते, भाजीवाली मावशी बसते की शाळेची मुले थांबतात, हे लिहा. आणि सर्वांत महत्त्वाचे, झाड न तोडता ते काम कसे होईल ते लिहा. गटार दोन हात सरकवता येते का? भिंत झाडापाशी वळवता येते का? आमच्या अनुभवात झाड वाचते ते बहुतेक वेळा या एका प्रश्नाने. घोषणांनी वाचलेले झाड आम्ही फार कमी पाहिले.

हरकत घेतली म्हणजे यश येतेच, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या मुंबईतल्या आरे कॉलनीचे प्रकरण आपणा सर्वांना ठाऊक आहे. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी तिथल्या २,६४६ झाडांचा प्रश्न होता. ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या. तरी २९ ऑगस्ट २०१९ रोजी वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडायला आणि ४६१ झाडे दुसरीकडे हलवायला मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री यांत्रिक करवती सुरू झाल्या. आवाज ऐकून पोरेसोरे धावली. त्यांत आरेच्या पाड्यांवरचे आदिवासी होते, कॉलेजची मुलेमुली होती. २९ जणांना अटक झाली. मग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, त्या पत्राचीच याचिका मानून ७ ऑक्टोबरला, सुट्टी असताना, सर्वोच्च न्यायालय बसले आणि तोड थांबवली. बाबासाहेबांनी घटना समितीत ज्या कलम ३२ ला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले, त्याच कलमाची ही ताकद. एका पत्राने न्यायालय उघडले! पण तोपर्यंत २,१४१ झाडे आडवी झाली होती.

मग उपयोग काय झाला, असे आम्हाला पुष्कळ जण विचारतात. उपयोग झाला. आरेतली ८१२ एकर जमीन २०२१ मध्ये राखीव वन म्हणून वन खात्याकडे गेली. कारशेड कांजूरमार्गला गेले आणि २०२२ मध्ये पुन्हा आरेत आले हे खरे, पण पुढे एकेका झाडाची मोजदाद न्यायालयापुढे करावी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ८४ झाडांपुरती मुभा मिळालेली असताना १७७ झाडांची परवानगी मिळवली, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने १० लाख रुपये भरायला लावले. अर्थात ती झाडे तोडू दिलीच. आता ती मेट्रो धावते आहे आणि आपण तिच्यातून प्रवासही करतो. मेट्रो नको असे आमचे म्हणणे कधीच नव्हते. गाड्यांचा धूर कमी झाला तर झाडांनाही हवेच आहे. रात्रीच्या अंधारात उरकण्याची घाई कशासाठी, एवढाच आमचा सवाल होता, आणि आजही आहे.

घरांचेही तसेच. दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांच्या तीन पिढ्या गेल्या त्यांना 'झाडासाठी थांबा' असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. आम्ही स्वतः पत्र्याखाली वाढलो आहोत. पण पत्र्याखाली वाढलेल्यालाच सावलीची किंमत अधिक कळते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता वस्तीतली म्हातारी माणसे कुठे जाऊन बसतात ते पाहा. ती पंख्याखाली नसतात, झाडाखाली असतात. पुनर्विकासाचा नकाशा येतो तेव्हा आपण खोलीचे क्षेत्रफळ पाहतो, संडास आत आहे का पाहतो, ते पाहिलेच पाहिजे. त्याबरोबर जुनी झाडे नकाशात दाखवली आहेत का, तेही विचारा.

२०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला आता 'वारसा वृक्ष' म्हणतात. झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी नवी रोपे लावावी लागतात. साठ वर्षांचे झाड, तर साठ रोपे. ऐकायला फार छान वाटते. पण ती साठ रोपे लावायची कुठे? आपल्या गल्लीत चार हात मोकळी माती नाही. म्हणजे सावली जाते आपली आणि रोपे लागतात दुसऱ्याच्या दारात, जगली तर. धम्मदीक्षेनंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गावोगावच्या विहारांपुढे आणि वस्त्यांत आपल्या वाडवडिलांनी जे पिंपळ लावले, ते सगळे आज वारसा वृक्ष आहेत. आपल्या दारातला पिंपळ तर विहार बांधण्याच्याही आधीचा, असे जुनी मंडळी सांगतात.

आता जे बोलायला खरे तर आलो आहोत ते बोलतो. समितीने राग मानू नये. विहाराचे सभागृह वाढवून वर मुलांसाठी अभ्यासिका करण्याचा आराखडा सध्या फळ्यावर लावलेला आहे. अभ्यासिका हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण आराखड्यात जिथे जिना दाखवला आहे तिथे आज पिंपळाचा बुंधा आहे, आणि मागच्या उंबराच्या जागी भांडारघर.

विनयपिटकात एक कथा आहे. आळवीचे भिक्खू बांधकामासाठी झाडे तोडत होते, तोडवून घेत होते. लोकांनी त्यांना नावे ठेवली, की श्रमण म्हणवता आणि जिवंत झाडावर कुऱ्हाड घालता? ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली. त्यांनी लोकांना गप्प केले नाही. भिक्खूंना समज दिली आणि वनस्पतीला इजा करू नये असा नियम घालून दिला. पाचित्तियातला तो अकरावा नियम. कामही कसले होते? स्वतःच्या चैनीचे नव्हे, राहण्याच्या जागेचे! तरीसुद्धा सामान्य माणसाची हरकत ऐकली गेली. सम्राट अशोकांनी रस्त्याकडेला वड लावल्याचे स्तंभलेखात कोरून ठेवले आहे ते आपण भाषणात नेहमी सांगतो. आळवीची ही गोष्ट मात्र फार कमी वेळा सांगतो.

आम्ही आमच्यातल्या एका गवंडीकाम करणाऱ्या बांधवाला बरोबर घेऊन आवार मोजले. जिना पूर्वेच्या भिंतीकडे नेला तर पिंपळ वाचतो. सभागृह चार फूट आखूड होते. पिंपळ भिंतीत शिरतो, पायाला धोका करतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच नवी भिंत त्याच्यापासून लांब असावी आणि पाया खणताना मोठ्या मुळ्या तोडू नयेत. भांडारघर जिन्याखाली बसते, म्हणजे उंबरही राहतो. नकाशाची प्रत अध्यक्षांकडे दिली आहे. सभागृह आखूड झाले तर लग्नात पंगत दोनदा बसवावी लागेल, एवढीच तोशीस.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दिल्लीत हरित लवादाने २०१३ मध्येच झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले. आपल्या गल्लीतल्या गुलमोहराच्या गळ्यापर्यंत लादी बसवली आहे. मुळांना पाणी नाही, हवा नाही, आणि पावसाळ्यात झाड पडले की दोष झाडाला! फलक कोणाचाही असो, खिळा झाडाला ठोकू नये, सुतळीने बांधावा. पिंपळाची वाळलेली पाने जाळण्याऐवजी कोपऱ्यात खड्डा करून टाकली तर वर्षभर खत मिळेल. आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना घरची पाण्याची बाटली न्या. हारांऐवजी एक वही, एक पेन द्या ही हाक आपल्या लोकांनी उचलली, मग ही का उचलणार नाहीत?

येत्या रविवारी वंदनेनंतर साडेआठ वाजता आम्ही वस्तीतली झाडे मोजायला निघणार आहोत. मोजायला शिंप्याचा टेप चालतो. बुंध्याचा घेर जमिनीपासून छातीच्या उंचीवर घ्यायचा, तो मुलांनी घ्यावा; झाड कोणी आणि कधी लावले ते आजी-आजोबांनी सांगावे. सर्व लिहून एक प्रत विहारात आणि एक वॉर्ड ऑफिसात द्यायची आहे. समितीची बैठक त्याच दिवशी सायंकाळी आहे, तेव्हा पिंपळाचा आणि उंबराचा घेर आम्ही सर्वांत आधी घेऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!