एक किल्ली आणि अनेक हात

एस. टी.च्या वाहकाजवळ पूर्वीं तिकिटांचा ट्रे असे. बीडहून गेवराईस, माजलगांवास अगर अंबाजोगाईस निघणाऱ्या गाडीच्या वाहकास तिकिटांचे गठ्ठे त्याच्या स्वतःच्या नांवावर मिळत. पहिल्या तिकिटाचा क्रमांक वे-बिलांत नोंदला जाई, आणि फेरी संपल्यावर शेवटचा क्रमांक पाहून रोकड मोजून घेतली जाई. आतां ट्रेची जागा लहानशा यंत्रानें घेतली आहे. परंतु ज्याचा ट्रे त्याचा हिशेब, ही रीत कायम आहे. चार वाहकांत मिळून एकच ट्रे द्यावा, म्हणजे लिखापढी वांचेल, असें जर कोणी सुचविलें असतें, तर आगारांतील लेखनिकानें त्यास वेड्यांत काढलें असतें.

नेमकी हीच सूचना आजच्या संगणकीय कचेऱ्यांत मात्र सोयीची म्हणून पुष्कळदां स्वीकारली जाते. वीज गेली, बँकेंत पैसे अडकले, नळाला पाणी आलें नाहीं, कीं गृहस्थ फोनवरून अगर संकेतस्थळावरून तक्रार नोंदवितो. राज्य सरकारनेंहि २०१५ पासून 'आपले सरकार' या नांवाची अशी सोय केली आहे. तक्रारीस क्रमांक मिळतो. संगणकाच्या व्यवसायांत या क्रमांकित तक्रारीसच 'तिकीट' म्हणतात, आणि अशीं तिकिटें सांभाळणारी स्वतंत्र प्रणाली असते. ही प्रणाली एकाकी नसते. एक यंत्रणा तिच्याकडून तक्रारदारास संदेश धाडते, दुसरी संकेतस्थळावरील तक्रारी तिच्यांत आणून टाकते, तिसरी ग्राहकाचें नांव व पत्ता पुरविते, चौथी महिन्याचा अहवाल तयार करते. यंत्रानें यंत्राचें दार ठोठावलें, तरी त्यालाहि नांव आणि परवलीचा शब्द सांगावा लागतो. माणसासाठीं नव्हे, तर यंत्रासाठीं काढलेल्या या नांवास 'सर्व्हिस अकाउंट', म्हणजे सेवा-खातें म्हणतात. आतां चार यंत्रणांस चार खातीं द्यावींत कीं एकानेंच भागवावें, असा प्रश्न उभा राहतो.

एकावर भागविणाऱ्यांचीं कारणें अगदींच पोकळ नसतात. अनेक प्रणालींत दर नांवामागें वेगळें शुल्क पडतें. शिवाय चार परवलीचे शब्द सांभाळण्यापेक्षां एक सांभाळणें सोपें. परंतु या काटकसरीची किंमत तीन ठिकाणीं मोजावी लागते.

पहिली गोष्ट अधिकारांची. संदेश धाडणाऱ्या यंत्रणेस तक्रारीचा क्रमांक आणि ग्राहकाचा मोबाईल एवढेंच पुरतें. अहवाल करणारीस केवळ वाचण्याची मुभा पुरते. सामाईक खात्यास मात्र चौघींच्या अधिकारांची बेरीज द्यावी लागते. परिणामीं चौघींतील सर्वांत दुबळी यंत्रणा ज्याच्या हातीं पडेल, त्याच्या हातीं सगळें दफ्तर पडतें.

दुसरी गोष्ट नोंदींची. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेनें एप्रिल २०२२ मध्यें संगणक-यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचा निर्देश दिला. परंतु जपलेल्या प्रत्येक ओळींत एकच नांव असेल, तर त्या ओळी चौकशीस काय सांगणार? बीड जिल्ह्यांतील श्रोत्यांस याचें मर्म ऊसतोडीच्या व्यवहारावरून सहज उमगेल. दरसाल येथून मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकांतील कारखान्यांकडे जातात. नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. उचल मुकादमाच्या हातून मिळते आणि हिशेबहि त्याच्याच वहींत राहतो. कारखान्याच्या दृष्टीनें टोळी म्हणजे मुकादमाचें एक नांव. कोणत्या कोयत्यानें किती ऊस तोडला, याचा तंटा उद्भवल्यास मजुराच्या बाजूनें बोलणारा कागद क्वचितच सांपडतो.

तिसरी गोष्ट कुलूप बदलण्याची. परवलीचा शब्द फुटल्याचा संशय आला, तर तो तत्काळ बदलला पाहिजे. परंतु तो चार ठिकाणीं बसविलेला असला, कीं एक बदलतांच चारी कामें थांबतात. म्हणून हात धजत नाहीं, आणि तोच शब्द वर्षानुवर्षें चालू राहतो.

किल्ली वेळेवर न बदलल्याचें फळ जगानें पाहिलें आहे. जुन्या मराठी ग्रंथांच्या असंख्य प्रती जेथें वाचावयास मिळतात, त्या अमेरिकेंतील 'इंटरनेट अर्काइव्ह'वर ऑक्टोबर २०२४ मध्यें हल्ला झाला. त्यानंतर संस्थेस पूर्वीं पत्रें लिहिणाऱ्या लोकांस तिच्याच तक्रार-प्रणालींतून घुसखोराचीं उत्तरें आलीं. उघड झालेल्या किल्ल्या बदलल्या नाहींत, आणि २०१८ पासूनचीं आठ लाखांहून अधिक तिकिटें आपणांस खुलीं आहेत, असा त्याचा दावा होता.

'ऑक्टा' ही तर इतरांच्या प्रवेशद्वारांची राखण करणारी कंपनी. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत तिच्या तक्रार-प्रणालींत चोर शिरला, तो एका सेवा-खात्याच्या वाटेनें. ग्राहकांचीं प्रकरणें पाहण्याचा व बदलण्याचा अधिकार त्या खात्यास होता. त्याचा परवलीचा शब्द एका कर्मचाऱ्याच्या खासगी गूगल खात्यांत साठविला गेला होता. १३४ ग्राहकांच्या फायली चोराच्या हातीं लागल्या. यंत्रासाठीं काढलेली किल्ली माणसाच्या खिशांत गेली, कीं ती कोठें फिरते यावर कोणाचाच ताबा राहत नाहीं.

उपाय अवघड नाहीं. प्रत्येक यंत्रणेस स्वतंत्र खातें असावें. त्याच्या नांवावरून त्याचें काम कळावें. त्यास कामापुरताच अधिकार असावा, आणि त्याची जबाबदारी एका ठराविक माणसाकडे असावी. किल्ली ठरल्या मुदतीनें बदलावी, आणि काम संपतांच खातें बंद करावें. खर्च खरोखरच झेपत नसेल, तर निदान वाचणारें खातें आणि लिहिणारें खातें तरी निराळें ठेवावें.

गृहस्थांनींहि आपल्यापुरती सावधगिरी बाळगावी. तक्रारीच्या मजकुरांत परवलीचा शब्द अगर ओ. टी. पी. कधींहि लिहूं नये. आधारची प्रत मागितलीच, तर जिच्यावर शेवटचे चारच अंक दिसतात, ती झांकलेली प्रत चालेल काय, हें आधीं विचारावें. आणि ज्यांच्या हातीं एखाद्या पतपेढीचा, शाळेचा अगर सोसायटीचा कारभार आहे, त्यांनीं आपल्या प्रणाली चालविणारास एवढेंच विचारावें, कीं आमचीं खातीं किती आणि कोणाच्या नांवावर? स्वतंत्र नोंदीचा मोठा लाभ निरपराध माणसास होतो. सामाईक किल्लीनें चोरी झाली, तर ती किल्ली वापरणारा प्रत्येक जण संशयांत येतो, आणि आपण निर्दोष आहों हें दाखविण्यास त्यांपैकीं एकाजवळहि पुरावा उरत नाहीं.