कुणाच्या मढ्यावर कुणाचं कुत्रं?

(अभ्यासवर्गातल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून मागच्या रांगेत खसखस पिकली. सार्वजनिक दफनभूमीत कुत्री सोडावीत की न सोडावीत! तुम्ही म्हणाल, इथं आमच्या जित्या माणसाला गावात सरळ मानेनं चालता येत नाही, आणि हा बाबा अमेरिकेतल्या कुत्र्यांचं वकीलपत्र घेऊन आलाय. हसा. पण हसून झाल्यावर ऐका.

कुत्रं, स्मशान आणि आपण, ही तिन्ही एका दाव्याला मी बांधलेली नाहीत. मनूनं बांधली. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावं. कुत्री आणि गाढवं हीच त्यांची दौलत. मढ्यावरची वस्त्रं हेच त्यांचे कपडे. जेवण फुटक्या भांड्यात. आणि ज्याला कुणी नातलग नाही त्याचं प्रेत त्यांनी उचलावं. श्वपच म्हणजे काय? कुत्रं शिजवून खाणारा. माणसाला नाव द्यायचं तेही कुत्र्यावरून!

हे नुसतं पोथीत राहिलं नाही. गावगाड्यात उतरलं. मयताची खबर परगावी कुणी न्यायची? महारानं. सरणाची लाकडं कुणी वाहायची? महारानं. मढ्यावरचं कापड कुणाच्या हक्काचं? महाराच्या! वा रे हक्क! स्मशानातलं काम आमचं, स्मशान मात्र गावाचं. आमचं मढं तिथं जळालं तर गाव बाटणार. महाडच्या चवदार तळ्यावर कुत्री-मांजरं पाणी पीत होती, आमच्या माणसाला मनाई होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. तेव्हा कुत्रं कुठं जाऊ शकतं आणि माणूस कुठं जाऊ शकत नाही, हा प्रश्न आपल्यासाठी पोरखेळ नाही. आपल्या चळवळीच्या पहिल्या पानावरचा प्रश्न आहे.

आता वॉशिंग्टनला चला. तिथंच का? तर एकाच शहरात या वादाची दोन तोंडं बघायला मिळतात.

पहिलं तोंड. अमेरिकेच्या संसदभवनापासून थोड्या अंतरावर काँग्रेशनल सेमेटरी नावाची दफनभूमी आहे. 1807 सालची. सुमारे 35 एकर जागा, हजारो कबरी. खासदार, सेनानी, एक उपराष्ट्राध्यक्षसुद्धा तिथं पुरलेला आहे. पण विसाव्या शतकाच्या शेवटी तिची पार दशा झाली. पैसा नाही, कमरेएवढं गवत, दगड आडवे, रात्री गर्दुल्ल्यांचा अड्डा. 1997 साली देशातल्या सर्वांत धोक्यात आलेल्या ऐतिहासिक जागांच्या यादीत तिचं नाव लागलं.

तिला वाचवलं कुणी? कुत्री फिरवणाऱ्या शेजाऱ्यांनी! आसपासचे लोक सकाळ-संध्याकाळ कुत्री घेऊन यायचे. त्यांनी संघटना बांधली. वर्गणी ठरवली. कुत्र्याची नोंदणी, गळ्यात बिल्ला, घाण मालकानं उचलायची, अंत्यविधी चालू असेल तिथं फिरकायचं नाही. या वर्गणीतून गवत कापलं गेलं, दगड उभे राहिले. माणसांचा राबता वाढला तसा गर्दुल्ल्यांचा अड्डा मोडला. पुढं सभासद व्हायला लोक रांग लावू लागले. खर्चाचा मोठा वाटा कुत्र्यांच्या वर्गणीतून येऊ लागला. म्हणजे मेलेल्यांचं घर जित्या कुत्र्यांनी राखलं.

विरोध करणारे म्हणतात, ही दुःखाची जागा आहे, बागडायची नाही. आईच्या दगडावर कुत्र्यानं तंगडी वर केली तर काय वाटेल? शहरापासून नदीपलीकडे आर्लिंग्टनची लष्करी दफनभूमी आहे. तिथं अपंगांच्या मदतीचं कुत्रं सोडलं तर पाळीव जनावराला बंदी. बाजूचे म्हणतात, मेलेल्याला एकटं टाकून गवतात कुजू देणं हा कुठला सन्मान? पायरव असला तर कबर जिती राहते. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. मी कुणाची टर उडवत नाही.

पण याच दफनभूमीत कोण पुरलंय बघा. जे. एडगर हूवर! अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तपोलिसांचा, एफबीआयचा प्रमुख. 1966 साली ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि या हूवरनं तो मोडायला खबरे पेरले, खोटी पत्रं धाडली, माणसं एकमेकांच्या अंगावर घातली. 1972 च्या मे महिन्यात तो मेला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आणि आज त्याच्या कबरीच्या आसपास शेजारपाजारची कुत्री हुंगत फिरतात. मला त्यात काही वावगं दिसत नाही!

विनोद सोडा. कुत्रं हे काळ्या माणसाच्या आठवणीत कसं बसलंय तेही लक्षात घ्या. 1963 च्या मे महिन्यात बर्मिंगहॅम शहरात काळी पोरं, शाळकरी पोरं, हक्कासाठी रस्त्यावर उतरली. बुल कॉनर नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले आणि पोलिसी कुत्री सोडली. त्याचे फोटो जगभर गेले. ज्यांच्या घरात ती आठवण आहे त्यांना मोकळं सुटलेलं कुत्रं बघून काय वाटत असेल, हे वर्गणीच्या पावतीवर लिहिलेलं नसतं.

आता दुसरं तोंड. शहर तेच. अ‍ॅडम्स मॉर्गन वस्तीत वॉल्टर पियर्स नावाची सार्वजनिक बाग आहे. मुलांची खेळणी, बास्केटबॉलचं मैदान आणि कुत्र्यांना मोकळं सोडायला कुंपण घातलेली जागा. साधी बाग वाटते. पण त्या जमिनीखाली काळ्यांची दफनभूमी आहे. काळ्यांच्याच एका परोपकारी संस्थेनं ती चालवली, 1870 ते 1890. त्या वीस वर्षांत 8,000 हून जास्त माणसं तिथं पुरली. गुलामीतून नुकती सुटलेली माणसं. धुणंभांडी करणाऱ्या बाया, मजूर, तान्ही पोरं. पुढं दफनभूमी बंद पडली, जमीन हातोहात फिरली, काही अवशेष हलवले, बाकीची हाडं तिथंच राहिली. वर बाग झाली. 2005 नंतर तिथं खोदकामाची गोष्ट निघाली तेव्हा लोकांनी हरकत घेतली. हॉवर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी जागा तपासली, जुन्या नोंदी चाळून हजारो मृतांची नावं बाहेर काढली.

म्हणजे इथंही कुत्री, तिथंही कुत्री. मग फरक काय? काँग्रेशनलमध्ये दगड उभे आहेत, दगडावर नाव आहे, नावाची वही आहे, वही सांभाळणारी संस्था आहे. कुत्र्यानं कुठं पाय टाकायचा हे त्या संस्थेनं ठरवलं. अ‍ॅडम्स मॉर्गनमध्ये ठरवायला कुणी उरलंच नव्हतं. आधी वस्ती उठवली, मग दगड गेले, मग नावं गेली, मग म्हणाले ही तर मोकळी जागा आहे! कुत्रं शेवटी आलं. ते बिचारं काय जाणे.

त्याच शहरातला जॉर्जटाउन आता श्रीमंतांचा भाग आहे. पूर्वी तिथं काळ्यांची मोठी वस्ती होती. तिथं माउंट झायनची दफनभूमी आहे आणि तिला लागूनच फीमेल युनियन बँड सोसायटीची. ही सोसायटी कुणाची? 1842 साली स्वतंत्र काळ्या बायांनी एकत्र येऊन केलेली. देशात गुलामी चालू असताना या बायांनी आपल्या माणसांना पुरायला जागा घेतली! विसाव्या शतकात बिल्डरचा डोळा त्या जमिनीवर पडला. दगड उपटून त्यांचे ढीग लागले. 1975 साली न्यायालयानं ते प्रकरण अडवलं म्हणून जागा वाचली. आणि शेजारची मंडळी? ती आपली कुत्री फिरवायला यायची. त्यांच्या लेखी ते गवताचं मैदान होतं.

न्यूयॉर्कची तर कथाच निराळी. 1697 साली तिथल्या ट्रिनिटी चर्चनं आपल्या आवारात काळ्यांना पुरायला बंदी केली. मग काळ्यांनी आपली मढी शहराबाहेर नेली. गावकुसाबाहेर! कुणाला ओळखीचं वाटतंय का? पुढं शहर वाढलं, वर इमारती चढल्या. 1991 साली सरकारी इमारतीचा पाया खणताना हाडं लागली. 400 हून जास्त सांगाडे निघाले. जाणकारांच्या अंदाजानं 15,000 माणसं तिथं पुरलेली असावीत. काळ्या जनतेनं आरडाओरडा केला, काम थांबवायला लावलं, 2003 साली हाडं पुन्हा सन्मानानं पुरली, 2006 साली ते राष्ट्रीय स्मारक झालं. 1913 ते 1916 बाबासाहेब त्याच न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या काळात ती हाडं कामगारांच्या, कारकुनांच्या पायाखाली बेवारस पडलेली होती.

आता मुद्द्यावर येतो. या वादात आपण कुठं उभं राहायचं?

एक बाजू म्हणेल, कुत्र्यानं कबर विटाळते. खबरदार, त्या बाजूला जायचं नाही! विटाळ हा शब्द ज्याच्या तोंडात आहे तो आज कुत्र्याला हाकलतोय, काल तुमच्या आज्याला हाकलत होता. कुत्र्याच्या पायानं जमीन बाटत नाही. माणसाच्या पायानंही बाटत नाही. कुत्र्याशी आपलं वैर नाही. राजगृहातला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा तो प्रसिद्ध फोटो आठवा, त्यात पायाशी टॉबी कुत्रा बसलाय.

दुसरी बाजू म्हणेल, मेलेल्याला काय कळतंय, मजेत फिरा. तिथंही जायचं नाही. मेलेल्याला कळत नसेल, पण मढ्याची किंमत कोण किती करतो त्यावरून जित्याची किंमत ठरते. महाभारतात एका कुत्र्यापायी धर्मराज स्वर्ग नाकारायला तयार होतो. कुत्र्यावर एवढी माया! आणि त्याच पांडवांचं कुत्रं एकलव्यावर भुंकलं, एकलव्यानं बाणांनी त्याचं तोंड बुजवलं, तर अंगठा कुणाचा गेला? त्या अंगठ्यासाठी धर्मराजानं काय नाकारलं? भूतदया मोठी, पण ती नेहमी आपल्याच अंगणातल्या भुतांवर असते.

आपली बाजू सरळ आहे. ज्यांची माणसं तिथं पुरली आहेत त्यांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तर कुत्री बागडू देत, पोरं खेळू देत. त्यांनी नको म्हटलं तर फाटक बंद. आणि विचारायला कुणी दिसत नसेल, तर ते का दिसत नाहीत, त्यांना कुणी उठवलं, हे आधी शोधा. त्याशिवाय त्या जमिनीला मोकळी म्हणायचा कुणाला अधिकार नाही.

हे अमेरिकेचं म्हणून ऐकून घरी जाऊ नका. 2019 च्या ऑगस्ट महिन्यात तामिळनाडूत वाणियंबाडीजवळ एका दलिताचं प्रेत दोर बांधून पुलावरून खाली सोडावं लागलं, कारण स्मशानाकडं जाणारी वाट सवर्णांच्या शेतातून जात होती. त्या शेतातून कुत्रं जात असेल, डुक्कर जात असेल. आमचं मढं जाऊ शकलं नाही! मद्रास उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली. आणि महाराष्ट्रानं नाक वर करायचं कारण नाही. इथंही कित्येक गावांत आमची स्मशानं वेगळी आहेत. गावाच्या स्मशानाला पत्र्याची शेड, ओटा, पाण्याचा नळ. आमच्याला बाभळीची झाडं आणि चिखलातली वाट. पावसाळ्यात सरण पेटत नाही, मढं ताडपत्रीखाली धरून उभं राहावं लागतं.

तुम्ही शहरात राहता, कॉलेजात जाता, मोबाइल खिशात आहे. तेव्हा काम सांगतो. सुट्टीत गावी जाल तेव्हा तलाठ्याकडं जा. आपल्या स्मशानाच्या जागेचा सातबारा काढा. त्यावर स्मशान अशी नोंद आहे काय? की गायरान लिहिलंय? की कुणा पाटलाच्या नावावर आहे? वाटेची नोंद नकाशावर आहे काय? नसेल तर अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विषय मांडा. आणि म्हाताऱ्यांपाशी बसा. कोण कुठं पुरलंय, कुठल्या झाडाखाली कुणाची माती आहे, वहीत लिहा. नाव, साल, काम. वॉशिंग्टनच्या काळ्यांना त्यांची नावं शंभर वर्षांनी जुन्या कागदांतून उकरून काढावी लागली. आपल्याकडे तर असले कागदही कुणी ठेवलेले नाहीत. म्हातारी माणसं आहेत तोवरच हे काम होईल.

1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केलं. तेव्हापासून हा धागा आहे. त्यांच्या मढ्यांचा हिशोब आज आपण ऐकला. आपल्या मढ्यांचा हिशोब पुढच्या अभ्यासवर्गाला येताना सोबत आणा. ज्याच्या हातात सातबारा असेल त्याला आधी बोलायला देईन.

जयभीम!